मिश्र वास्तव आणि साकीनाक्याचा हिशेब

साकीनाक्याच्या गल्ल्यांतील एखाद्या लहान कारखान्यात महागडे यंत्र यायचे झाले, की काही प्रश्न अटळ असतात. ते किती पाळ्या चालेल? किती जणांच्या हाती येईल? बिघडल्यास दुरुस्त कोण करील? ‘मिश्र वास्तव’ दाखवणारे, तीन लाखांच्या घरातले हेडसेट उद्योगधंद्यांनी घ्यावेत काय, हा प्रश्न आपण याच हिशेबावर तपासून पाहू.

इव्हान सदरलंड यांनी १९६८ साली डोक्यावर चढवायचा संगणकीय पडदा सिद्ध केला, तो छताला जोडलेल्या यांत्रिक दांड्याला लटकलेला असे. पुढे १९९२ मध्ये बोइंगच्या टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी विमानातील तारांच्या जुड्या बांधणाऱ्या कामगारांसाठी पारदर्शक पडद्याची कल्पना मांडली. दोन्ही हात कामात गुंतलेले, नजर फळीवर खिळलेली आणि तरीही आराखडा डोळ्यांपुढे हवा. ही गरज कारखान्यातूनच उपजलेली होती.

त्यानंतरचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. उद्योगांसाठीचा गूगल ग्लास २०१७ साली आला आणि २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली. मायक्रोसॉफ्टचा साडेतीन हजार डॉलरचा होलोलेन्स २ हा २०१९ सालचा. त्याचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी ॲपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला अमेरिकेत विक्रीस आला.

महाग यंत्रे आपल्याला नवी नाहीत. टाटा कन्सल्टन्सीने १९७४ साली बरोज कंपनीचा संगणक मुंबईत आणला, तेव्हा तोही चैनीचाच वाटावा इतका महाग होता. परंतु एका संगणकाचा वेळ अनेकांत वाटता येई, आणि परदेशी ग्राहकांच्या कामातून त्याचा खर्च निघण्याची वाट होती. हेडसेटचे तसे नाही. व्हिजन प्रोची चेहऱ्यावरील गादी ज्याच्या त्याच्या मापाची. चष्मेवाल्याला भिंगेही त्याच्या नंबरची लागतात. सामायिक वापराला येथेच खीळ बसते.

म्हणून आमचे मत असे: जेथे एका चुकीची किंमत यंत्राहून अधिक असते आणि हात मोकळे नसतात, तेथे हा खर्च सार्थ ठरू शकतो. केवळ बैठका भरवण्यासाठी तो करणे व्यर्थ होय. आणि निर्मात्याने उद्या पाठ फिरवली, तर साकीनाक्याचा कोणता कारागीर ते उघडून पुन्हा चालू करील, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारलेला बरा.