वीस मिलिमीटरचा वारसा

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज संगणकाच्या डब्यावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. कारण घरगुती आहे. माझी नात ॲनिमेशन शिकते आणि भाड्याच्या खोलीत राहते. टेबल दोन फुटांचं, म्हणून तिने संगणकाचा डबा लहान घेतला. मग हप्त्यांवर दणकट ग्राफिक्स कार्ड आणलं. ते बारा मिलिमीटर जास्त लांब निघालं! खोकं फोडलेलं, म्हणून दुकानदार परत घेईना. हप्ते मात्र सुरू. तिने मला विचारलं, ‘‘आजोबा, या बारा मिलिमीटरमध्ये चूक कोणाची?’’ या प्रश्नाचं उत्तर शोधत मी इतिहासात शिरलो.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यात कार्डं बसवायला पाच खाचा होत्या. आपण त्यांना स्लॉट म्हणतो. पडद्यावर अक्षरं दाखवणारं कार्ड त्यातल्याच एका खाचेत बसे. त्याला पंखा नव्हता की वेगळी वीज नव्हती. अख्ख्या यंत्राचा वीजपुरवठा होता ६३.५ वॅटचा. कार्ड म्हणजे घरी आलेला पाहुणा. कोपऱ्यात बसायचा, मिळेल ते खायचा.

१९८३ च्या एक्सटी संगणकात खाचा आठ झाल्या. त्यासाठी दोन खाचांमधलं अंतर एका इंचावरून ०.८ इंचावर, म्हणजे २०.३२ मिलिमीटरवर आणलं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली, त्यातही हेच अंतर राहिलं. आज दुकानदार ‘दोन स्लॉटचं कार्ड’ म्हणतो, तेव्हा तो १९८३ च्याच मापाने मोजत असतो.

पाहुण्याची भूक मात्र वाढत गेली. आधी त्रिमितीय खेळ आले. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाने थंड राहण्यासाठी शेजारची खाचही अडवली. त्याच्या पंख्याच्या आवाजाची तेव्हा बरीच थट्टा झाली. नंतरच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळत. ते पुरेनात, म्हणून वेगळ्या वायरी आल्या. २००७ पासून क्युडामुळे चित्रांपलीकडची गणितंही या कार्डांवर सोपवता येऊ लागली. २०२२ चं आरटीएक्स ४०९० पाहा: ३०४ मिलिमीटर लांब, ६१ मिलिमीटर जाड, ४५० वॅट. एकटं कार्ड, आणि पहिल्या पीसीच्या अख्ख्या पुरवठ्याच्या सातपट वीज! पाहुणा आता यजमान झाला.

याच काळात दुसरा प्रवाह उलट दिशेने वाहत होता. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स आणलं. अवघ्या १७ सेंटिमीटर चौरसाचा मुख्य फलक, खाच एकच. तो शांत, कमी विजेच्या यंत्रांसाठी होता. पण हौशी लोकांनी त्यालाच मोठी कार्डं जोडायला घेतली. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून आलेला डॅन ए४ हा डबा केवळ ७.२ लिटरचा. त्यात फलक आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे केले आणि मध्ये जोडणीची पट्टी फिरवली. २९५ मिलिमीटरपर्यंतचं कार्ड त्यात मावे.

आता इथे थोडं माझ्या विषयाकडे येतो. कार्डाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती बाहेर नेते हवा. पंख्यासमोर मोकळी जागा नसेल, तर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. म्हणजे पैसे मोजलेत एका कार्डाचे, काम मिळतं त्याहून कमी. आपल्या न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ हाही एक पदार्थ मानला. विद्यार्थी हसायचे. या डब्यात मला तो प्रत्यक्ष दिसला. रिकामी जागा हा तिथला एक सुटा भागच आहे. पण दुकानाच्या यादीत त्याची नोंद नसते.

मग चूक कोणाची? खाचांमधलं अंतर ठरलेलं होतं. पण बाजारातलं कार्ड किती लांब, किती जाड असावं, हे ज्याने त्याने ठरवलं. डबेवाल्याने आपल्या अंदाजाने जागा सोडली. दोघांमधला फरक गिऱ्हाइकाच्या माथी आला. २०२४ च्या जूनमध्ये एनव्हिडियाने लहान डब्यांसाठी मर्यादा जाहीर केली: लांबी ३०४, वायरीच्या वळणासकट उंची १५१, जाडी ५० मिलिमीटर. पुढच्याच वर्षी आरटीएक्स ५०९० आलं. वीज ५७५ वॅट, पण जाडी दोन खाचांची. म्हणजे मनात आणलं तर जमतं!

आपल्याकडे बाजारातली वजनं-मापं सरकारी शिक्क्याची असतात, ती उगाच नाही. माप जाहीर नसलं की नुकसान नेहमी कमी पैशाच्या माणसाचं होतं. नातीने शेवटी मोठा डबा घेतला. टेबलावर आता चित्राचा कागद मावत नाही, ती पलंगावर बसून काढते. तुम्ही खरेदीला जाल तेव्हा लांबी, जाडी आणि वायर वळण्याची जागा, तिन्ही आधी मोजा. आणि विकणाऱ्याकडून ते आकडे लिहून घ्या.

थांबतो. प्रश्न घेऊया.