तारापूर अणुविद्युत केंद्र

भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ, अरबी समुद्राच्या काठी. स्थापित क्षमता १,४०० मेगावॉट.

आज अणुविजेची बाजू मांडताना कमी कार्बनचा दाखला दिला जातो. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालानुसार खाणीपासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब धरून अणुविजेचे उत्सर्जन युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम, तर कोळशाच्या विजेचे ८२० ग्रॅम येते. भारतीय अणुकार्यक्रमाचे प्रवर्तक होमी भाभा यांच्या काळी मात्र प्रश्न कोळसा वाहून आणण्याचा होता : खाणी बंगाल-बिहारकडे, गिरण्या-कारखाने मुंबई-गुजरातेत.

१९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार जनरल इलेक्ट्रिक कंपनीने, अमेरिकी कर्जातून, दोन अणुभट्ट्या उभारल्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. या भट्ट्यांत पाणी गाभ्यातच उकळते आणि ती वाफ थेट टर्बाइनवर जाते. जोडीला दुय्यम बाष्पजनित्रे होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्याने ती बंद करावी लागली आणि प्रत्येक संचाची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आली.

खरी अडचण इंधनाची झाली. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते अमेरिकेकडूनच यायचे. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर पुरवठ्यात खोडे पडू लागले, १९७८ च्या अमेरिकी कायद्याने ते पक्के झाले. १९८२ मध्ये फ्रान्सने ती जागा घेतली, पुढे चीन आणि रशियाकडूनही इंधन आले. आयात तेलावर चालणाऱ्या देशाला हा अनुभव नवा नव्हता. फरक इतकाच, की युरेनियम खुल्या बाजारात कुठल्याही विक्रेत्याकडून उचलता येत नाही.

तिसरा व चौथा संच म्हणूनच वेगळ्या वाटेचे आहेत. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या स्वदेशी भट्ट्या जड पाणी वापरतात, त्यामुळे त्यांना नैसर्गिक युरेनियम चालते. समृद्धीकरणासाठी कुणाचे तोंड पाहावे लागत नाही. चौथा संच २००५ मध्ये, तिसरा २००६ मध्ये सुरू झाला. त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अणुविजेच्या खर्चाचा हिशेब मांडताना तो सहसा धरला जात नाही.