कदंबावरचं मूल, खाली थांबलेली आई

आज गोष्ट जबलपूरची आणि एका बालकवितेची. आमच्या जबलपुरात मराठी घरातली मुलं घरी मराठी बोलत आणि शाळेत हिंदी शिकत. ‘झाँसी की रानी’ लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान सगळ्या देशाला ठाऊक आहेत. मला मात्र त्या आधी भेटल्या ‘कदंब का पेड़’ या कवितेत.

त्यात एक मुलगा मनातल्या मनात खेळ रचतो. आईला न सांगता कदंबावर चढायचं, बासरी वाजवायची. आई रागावेल, मग खाऊचं आमिष दाखवेल, तरी उतरायचं नाही. उलट आणखी वर जाऊन पानांत लपायचं. शेवटी आई झाडाखाली पदर पसरून, डोळे मिटून देवाची विनवणी करू लागली, की हळूच उतरून त्या पदरात शिरायचं.

लहानपणी मी फक्त मुलाकडे पाहिलं. खाली एकटी राहिलेली आई मला फार उशिरा दिसली. आणि सुभद्राकुमारींचं चरित्र वाचलं तेव्हा कळलं, या घरात झाडावर आईच चढली होती.

त्यांचा जन्म १९०४ चा, अलाहाबादजवळच्या निहालपूरचा. १९१९ मध्ये लक्ष्मणसिंह चौहानांशी लग्न झालं आणि त्या मध्य प्रांतात आल्या. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा लावण्यावरून सरकारशी झगडा पेटला. १ मेपासून त्याचं केंद्र नागपूर झालं. तिथल्या झेंडा सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या महिला सत्याग्रही म्हणून सुभद्राकुमारींचं नाव घेतलं जातं. १९४२ मध्ये पुन्हा तुरुंग. आता तर त्या लेकुरवाळ्या होत्या. आई कधी उतरणार, याची वाट मुलांनी पाहायची होती.

फेब्रुवारी १९४८ मध्ये नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्या गेल्या.

इतिहासात आपण वर चढणाऱ्यांची नावं कोरतो. जबलपूर महापालिकेसमोर सुभद्राकुमारींचा पुतळा आहे, तो असायलाच हवा. पण खाली थांबलेल्यांचा पुतळा कुठे असतो? त्यांच्यासाठी ही कविता आहे. आज घरातल्या मुलाला ती वाचून दाखवा. आणि पदर पसरून बसलेल्या आईपाशी आलात, की क्षणभर थांबा.