आधी सही की आधी भाव?
अमेरिकन कॉलेज-प्रवेशाच्या एका कराराचा इतिहास



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत एक फिटर सोबती कागदांचे पुडके घेऊन आला. त्याची मुलगी हुशार. ती अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करीत होती. त्यांतल्या एका कागदावर तीन सह्या हव्या होत्या : मुलीची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. मजकूर असा की, या कॉलेजने डिसेंबरात प्रवेश दिला, तर बाकीचे सर्व अर्ज मागे घेऊन मी येथेच येईन. या पद्धतीला तिकडे 'अर्ली डिसिजन' म्हणतात. सोबती म्हणाला, "भाऊ, तुम्ही आम्हांला कराराचे कलम न् कलम वाचायला लावता. यात पैशाचा आकडाच कुठे नाही. करू का सही?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण कामाच्या पाळ्या सांभाळून जे झाले तेवढेच. परंतु कोणताही करार समजून घ्यायचा तर तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवला हे आधी पाहावे, एवढे मी या धंद्यात शिकलो आहे. म्हणून वाचनाला लागलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतील नामांकित कॉलेजे ही बहुतांशी सधन घरांतील मुलांची होती. १९४४ साली परतणाऱ्या सैनिकांसाठी 'जी. आय. बिल' नावाचा कायदा झाला आणि सुमारे बावीस लाख माजी सैनिक त्याच्या आधाराने कॉलेजांत गेले. उच्च शिक्षणाचा दरवाजा एकदा असा उघडल्यावर गर्दी वाढणारच. एकेक विद्यार्थी चार-पाच ठिकाणी अर्ज करू लागला, आणि प्रवेश दिलेल्यांपैकी प्रत्यक्षात येणार किती, हे कॉलेजांना कळेना. यावर तोडगा म्हणून १९५० नंतरच्या दशकात पूर्वेकडील काही कॉलेजांनी ही योजना काढली : ज्याची पहिली पसंती पक्की आहे त्याने ती आधी सांगावी, कॉलेजने उत्तर लवकर द्यावे, दोघांचाही घोर मिटावा. मूळ हेतू वाईट नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

त्याच दशकात पैशाचा प्रश्नही उभा राहिला. हुशार मुलाला ओढण्यासाठी कॉलेजे एकमेकांवर बोली चढवू लागली. तिला आवर घालण्यासाठी १९५४ साली 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने 'कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस' सुरू केली. कुटुंबाची मिळकत आणि मालमत्ता पाहून ते किती भार उचलू शकेल याचे गणित मांडायचे आणि उरलेली तूट मदतीने भरून काढायची, असे तिचे तत्त्व. याला गरजेनुसार साहाय्य म्हणतात. लगेच पुढच्या वर्षी, १९५५ साली, 'नॅशनल मेरिट स्कॉलरशिप कॉर्पोरेशन' स्थापन झाले. नॉर्थ कॅरोलायनात तर १९४५ पासूनच गुणवत्तेवर आधारलेली मोरहेड शिष्यवृत्ती होती. गरज आणि गुणवत्ता, असे हे दोन प्रवाह. आजचा सारा वाद या दोहोंच्या संगमावरचा आहे.

आता या इतिहासातील मला सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण सांगतो. १९५८ पासून आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि एमआयटी यांचे प्रतिनिधी दर वसंतात एकत्र बसत. एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाला असेल, तर त्याला द्यायच्या मदतीचे आकडे ते ताडून पाहत आणि एकमेकांच्या जवळ आणत. गुणवत्तेपोटी जादा पैसे कोणी द्यायचे नाहीत, हाही ठराव होता. १९९१ साली अमेरिकन सरकारच्या न्यायखात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली यावर खटला भरला. आठ विद्यापीठांनी तडजोड करून ही पद्धत सोडली. एमआयटी मात्र लढले. १९९२ साली ते हरले, १९९३ साली वरिष्ठ न्यायालयाने फेरविचाराचा आदेश दिला आणि वर्षअखेर समझोता झाला.

माझ्यासारख्या युनियनवाल्याला येथे कोणाची बाजू घ्यावी हे चटकन कळत नाही. मालकांनी एकत्र बसून भाव ठरवायचा आणि कामगाराला दुसऱ्या दारात जादा मागण्याची सोय ठेवायची नाही, हे आमच्या ओळखीचे चित्र आहे. ते पाहून माझा हात आपोआप वर जातो. परंतु कॉलेजांचे म्हणणे असे होते की, बोली सुरू झाली की पैसा गरजवंताकडून हुशाराकडे वळतो. आणि खाजगी शिकवणी, चांगली शाळा, निवांत घर यांच्या जोरावर 'हुशार' ठरणारी मुले पुष्कळदा सधनांचीच असतात. हेही खोटे नाही. आम्हीसुद्धा एकेकट्या कामगाराने साहेबाशी घासाघीस करण्यापेक्षा सर्वांना एक दर मागतो. फरक एवढाच की, आमच्या दराच्या बैठकीत कामगार बसलेला असतो. त्या वसंतातल्या बैठकीत विद्यार्थी कधीच नव्हता.

मधल्या काळात बाजार बदलला होता. युद्धोत्तर पिढीची मोठी लाट ओसरल्यावर १९८० नंतर अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटली. १९८३ साली 'यू. एस. न्यूज' या साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापण्यास आरंभ केला. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण येतात, हे प्रमाणही त्या क्रमवारीत २००३ पर्यंत मोजले जात असे. मग दोन तऱ्हेची कॉलेजे दोन वाटांनी गेली. ज्यांच्या दारी रांग होती त्यांनी अर्ली डिसिजनचा जोर वाढवला, कारण बांधून घेतलेला प्रत्येक विद्यार्थी हमखास येणारा. ज्यांच्या दारी रांग नव्हती त्यांनी गुणवत्ता-शिष्यवृत्तीच्या नावाने फीमध्ये सूट देण्यास सुरुवात केली. आज तेथील खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सूट सरासरीने छापील फीच्या निम्म्याहून अधिक भरते. आपल्याकडे कापडाच्या दुकानात भाव चढवून लावतात आणि मग सेल काढतात, तसाच हा प्रकार.

२००३ साली अव्हेरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर या तीन अभ्यासकांनी हजारो अर्ज तपासून पुस्तक लिहिले. लवकर अर्ज केल्याचा फायदा एसएटी परीक्षेत सुमारे शंभर गुण जास्त मिळवण्याइतका असतो, असा त्यांचा निष्कर्ष. हा फायदा कोणाला घेता येतो? ज्याला पैशाचा आकडा न पाहता सही करता येते त्याला. याची टोचणी खुद्द विद्यापीठांनाही लागली होती. येलच्या अध्यक्षांनी २००१ साली ही पद्धत बंद व्हावी असे म्हटले. २००२ साली येल आणि स्टॅनफर्डने बंधन काढून टाकले. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी लवकर प्रवेशच बंद केला. तथापि इतर फारसे मागे आले नाहीत, आणि २०११ साली दोघांनीही तो, बंधनाविना, पुन्हा सुरू केला. एकट्याने केलेला संप टिकत नाही, तो असा.

आता तोलाचा प्रश्न. अर्ली डिसिजनचा अर्ज बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास जातो आणि उत्तर डिसेंबरच्या मध्यास येते. गुणवत्ता-शिष्यवृत्त्यांचे निकाल मात्र पुष्कळ ठिकाणी मार्चपर्यंत लागत राहतात. म्हणजे बांधलेल्या विद्यार्थ्याला दुसरा भाव दिसण्यापूर्वीच दुकाने बंद होतात. करारात एक पळवाट आहे : मिळालेली मदत पुरेशी नसेल तर सुटका मागता येते. परंतु सुटका मिळाली तरी हातात तुलना नसते.

माझ्या मते तीन घरे वेगळी काढावीत. श्रीमंताला हा प्रश्नच नाही. ज्या गरीब घराची संपूर्ण गरज भागवण्याचे वचन कॉलेज देते त्यालाही बंधनाचा फारसा तोटा नाही. आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेपोटी कोणालाच पैसे मिळत नाहीत, तेव्हा तेथे गमावण्याजोगी बोलीही नाही. कोंडी होते ती मधल्या घराची. गणित म्हणते हे घर भार उचलू शकेल, आणि घराचा डबा म्हणतो नाही. त्याची सारी आशा गुणवत्ता-शिष्यवृत्तीवर, आणि तीच सही करताच हातची जाते. तरीही शिष्यवृत्तीचे कलम वाचावेच लागते : वर्षभरात ठराविक गुण न राखल्यास ती थांबते. जॉर्जिया राज्याने १९९३ साली काढलेल्या 'होप' शिष्यवृत्तीलाही अशी अट आहे.

आपल्या मुलांसाठी आणखी एक पायरी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजे सोडली, तर परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की बहुतेक ठिकाणी ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयातच धरली जाते. सरकारी मदत त्याला मिळत नाही. २००८ च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजाला खर्चाचा अंदाज सांगणारे गणकयंत्र ठेवावे लागते, पण ते मुख्यतः अमेरिकन कुटुंबासाठी रचलेले असते.

बंधन हे मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. बंधन कडक होते, पण आकडा सहीपूर्वी कागदावर होता. पुढे बडोद्यात अस्पृश्यतेमुळे त्यांना राहायला जागा मिळेना, हा दोष त्या कराराच्या कागदाचा नव्हता, समाजाचा होता.

हा वाद अजून मिटलेला नाही. गरजेचे गणित एकत्र बसून ठरवण्याची १९९४ च्या कायद्यातील सवलत २०२२ साली संपली. त्याच वर्षी सतरा विद्यापीठांवर भरलेल्या दाव्यात अनेकांनी मिळून अठ्ठावीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर अर्ली डिसिजनवरच दावा दाखल झाला. बत्तीस कॉलेजे त्यात प्रतिवादी आहेत.

सोबत्याला मी शेवटी एवढेच सांगितले, "दरसाल जास्तीत जास्त किती झेपेल तो आकडा आज रात्री घरी बसून वहीत लिहा. हे कॉलेज संपूर्ण गरज भागवतो असे लेखी सांगत असेल, तर सही करा. मेरिटच्या भरवशावर असाल, तर थांबा." बापलेकींनी दोन रात्री विचार केला आणि सही केली नाही. आता तिच्या हाती दोन होकार आहेत : एक मोठ्या नावाचा आणि थोड्या मदतीचा, दुसरा कमी नावाचा आणि पुष्कळ सुटीचा. बांधून घेतले असते तर ज्या कॉलेजात बहुधा जागा मिळाली असती, त्याने साध्या अर्जावर नकार दिला. ते दुःख त्या घरात आहे, आणि माझ्या सल्ल्याचा त्यात वाटा आहे, हे मी विसरत नाही. परंतु वहीतला आकडा आणि समोरचे दोन आकडे शेजारी ठेवून ती मुलगी आज विचार करू शकते. उत्तर देण्याची तारीख १ मे आहे. कामगार दिनाच्या आत तिला आपला करार स्वतः वाचून ठरवायचा आहे.