पेट्रोलवरचा प्रांतिक कर : वऱ्हाडातून सुरू झालेला वाद

पेट्रोलच्या विक्रीवर प्रांत सरकारला कर लावता येतो का, हा प्रश्न भारतात प्रथम उभा राहिला तो मध्यप्रांत-वऱ्हाडच्या एका कायद्यावरून. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराने नागपूरचे होते. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. दारूबंदीचे धोरण स्वीकारल्यावर अबकारीच्या उत्पन्नाला खिंडार पडणार हे उघड होते, आणि ते बुजवायला नवा कर हवा होता. १९३८ च्या चौदाव्या कायद्याने पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या ५ टक्के कर बसवला. मोटारी थोड्या आणि त्या बाळगणारे बहुधा सधन, त्यामुळे ओरड फारशी होण्यासारखी नव्हती.

ओरड झाली ती दिल्लीत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने उत्पादनशुल्क केंद्राकडे आणि मालाच्या विक्रीवरील कर प्रांतांकडे दिला होता. देशात तयार होणाऱ्या पेट्रोलवर केंद्र आधीच उत्पादनशुल्क घेत होते. त्याच वस्तूवर प्रांताने घेतलेला कर म्हणजे दुसऱ्या नावाने उत्पादनशुल्कच, असा केंद्राचा युक्तिवाद होता. गव्हर्नर-जनरलने प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाकडे पाठवला. असे मत मागवण्यासाठी त्या कोर्टाकडे आलेले हे पहिलेच प्रकरण. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, न्या. सुलेमान आणि न्या. मुकुंदराव जयकर यांनी डिसेंबर १९३८ मध्ये कायदा वैध ठरवला. उत्पादनशुल्क माल तयार करणाऱ्यावर पडते, हा कर मात्र किरकोळ विक्रीवर आहे, असा भेद कोर्टाने केला. पुढच्याच वर्षी मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला.

१९५६ मध्ये वऱ्हाडासह विदर्भ मुंबई राज्यात आला. बैतूल जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. जुन्या प्रांतातले हे दोन शेजारी आता दोन वेगळ्या दरांनी कर भरतात. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट आला. २०१७ मध्ये जीएसटीने राज्यांचे बहुतेक अप्रत्यक्ष कर गिळले, पण पेट्रोल-डिझेल त्याबाहेर राहिले. राज्याच्या हाती मनाजोगी कमी-जास्त करता येणारी जी मोजकी साधने उरली, त्यांत हे एक. दुष्काळासाठी म्हणून २०१५ मध्ये पेट्रोलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लागला. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूदुकाने बंद झाल्याने बुडालेला महसूल भरून काढायला आणखी ३ रुपये आले. दारूचा तोटा पेट्रोलवर काढण्याची १९३८ ची रीत जवळजवळ ऐंशी वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली.

व्हॅटची आकारणी समजून घेण्यासारखी आहे. तो टक्केवारीने लागतो, आणि तोही केंद्राचे उत्पादनशुल्क धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावरही कर. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ८ रुपयांनी उतरवून १९ रुपये ९० पैशांवर आणले, तेव्हा राज्याने २ रुपये ८ पैशांची कपात जाहीर केली. ही रक्कम म्हणजे ८ रुपयांचे बरोबर २६ टक्के, मुंबईच्या दराने. दराला हात न लावताही राज्याचा कर तेवढा उतरणारच होता. खरी कपात जुलै २०२२ ची : पेट्रोलवर ५, डिझेलवर ३ रुपये.

वाहतूकखर्चाचेही असेच. अकोल्याजवळच्या गायगाव डेपोतून टँकरने पंपावर पोचेपर्यंतचा खर्च किमतीत धरला जातो, आणि त्या प्रत्येक रुपयावर व्हॅटचे २५ पैसे चढतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट आणि उर्वरित राज्यात २५ टक्के असतानाही अमरावतीचा भाव मुंबईहून बहुधा चढाच राहिला, त्यामागे हे गणित आहे. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनातल्या अर्थसंकल्पाने मुंबई परिसराचा दरही २५ टक्क्यांवर आणला, तेव्हा अमरावतीकडे असलेली ती एका टक्क्याची सवलतही संपली.