संगणकविद्या : कुलाब्याहून बदलापुरास

कल्याण मागें पडलें कीं कर्जतकडे जाणाऱ्या लोकलगाडीस विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक लागतात. रात्रींच्या गाडींत दांडीस धरून उभा असलेला एखादा तरुण मोबाइलवर पायथॉन भाषेचा पाठ ऐकत असेल, तर आज कोणी त्याकडे वळूनहि पाहत नाहीं. तो पाठ त्यास फुकट मिळाला आहे, याचेंहि कोणास नवल वाटत नाहीं. माझ्या वयाच्या माणसास मात्र तें वाटतें.

आपल्या देशांत घडविलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झाला. पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेचें सीडीसी ३६०० हें यंत्र आलें. प्रोग्रॅम लिहिणारानें तो छिद्रें पाडलेल्या कार्डांवर उतरवावा, कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावा, आणि एखादा स्वल्पविराम चुकला असल्यास ती वार्ता कित्येक तासांनीं कळावी, अशी तेव्हांची रीत होती. अंबरनाथहून कुलाबा साठ-पासष्ट किलोमीटर. पण संशोधकावांचून इतरास त्या दारापर्यंत जाण्याचें प्रयोजनच नव्हतें.

पुढें यंत्र लहान झालें, आणि कुलूप दारावरून निघून फीवर बसलें. नव्वदच्या दशकांत उल्हासनगरच्या अशाच एका 'कॉम्प्युटर क्लासां'त मीं सी भाषा शिकण्याचा प्रयत्न केला. तिघांत एक यंत्र. कळफलक ज्याच्या हातीं तोच शिके, उरलेले दोघे त्याच्या बोटांकडे पाहत. इतिहासाच्या पदवीधराच्या हातीं कळफलक किती वेळ राहिला, हें सांगण्यांत अर्थ नाहीं.

हें दुसरें कुलूप मात्र अनेक हातांनीं उघडलें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं, लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरविणारा कंपायलर १९८७ सालीं सर्वांस मोकळा करून दिला. अमेरिकेंतील एमआयटीनें आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याचें २००१ सालीं जाहीर केलें. आपल्याकडील आयआयटींनीं व बंगळूरच्या विज्ञानसंस्थेनें २००३ पासून 'एनपीटेल'चा उद्योग आरंभिला. तथापि हीं व्याख्यानें मुख्यतः इंग्रजींत होतीं, आणि ज्याची शाळा मराठी वा सिंधी, त्याच्या वाटेंत तिसरें कुलूप उभेंच होतें.

हा प्रश्न नवा नव्हे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं १८२० नंतरच्या दशकांत मुंबईंत इंजिनीअरिंगचें शिक्षण मराठींतून देण्याचा उद्योग केला व त्यासाठीं गणिताचे ग्रंथ मराठींत आणविले. १८५७ सालीं विद्यापीठ आलें आणि उच्च शिक्षणावर इंग्रजीचा अंमल पक्का झाला. म्हणून मुंबईच्याच आयआयटींत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनीं २००९ च्या सुमारास 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला, त्याचें महत्त्व मला विशेष वाटतें. सुमारें दहा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावरील अक्षरें इंग्रजींत, कारण यंत्राशीं व्यवहार त्या अक्षरांतच करावयाचा. समजावून सांगणारा आवाज मात्र मराठींत किंवा दुसऱ्या भारतीय भाषेंत. एका खिडकींत पाठ, दुसरींत आपला प्रोग्रॅम, आणि ऐकतां ऐकतां तसेंच करून पाहणें, ही त्याची पद्धति.

या पद्धतीस दोन खिडक्या मावतील एवढा पडदा लागतो, आणि तो मोबाइलला नाहीं. लोकलमधला तरुण म्हणून पाठ ऐकतो, करीत कांहींच नाहीं. पोहण्याचें पुस्तक वाचल्यासारखेंच तें. शिवाय चूक झाली म्हणजे शेजारीं कोणी असावें लागतें. क्लासांतल्या त्या तिघांच्या दाटीनें मला निदान तेवढें दिलें होतें.

माझा एक जुना विद्यार्थी उल्हासनगरांत जीन्सच्या कारखान्यांत हिशेब ठेवतो. एके रात्रीं तो उसना लॅपटॉप घेऊन घरीं आला. "सर, इथं काय चुकलंय?" मला काय कळणार? आम्हीं मराठी पाठ दोनदां ऐकला व ओळी ताडून पाहिल्या. एका ओळीच्या आरंभीं चार मोकळ्या जागा सोडावयाच्या राहिल्या होत्या. तें सांपडेपर्यंत त्याची बदलापूरची शेवटची गाडी निघून गेली.