वेगळ्या शाळेपासून गावच्या शाळेपर्यंत



आमच्या बचत गटात एक मैत्रीण आहे. मिटिंगला यायची, हप्ता भरून सही केली की लगेच उठायची. आम्हाला वाटायचं, हिला गटाची आवड नाही. पुष्कळ दिवसांनी कळलं, घरी आठ वर्षांची मुलगी एकटी असते. पायांनी अधू. शाळेत नाव घालायला गेली तेव्हा हिला सांगितलं होतं, "अशा मुलांची वेगळी शाळा असते, शहरात न्या." खरं सांगायचं तर आम्हालाही ते बरोबरच वाटलं होतं. मग ही वेगळी शाळा आली कुठून, हे आम्ही शोधायला बसलो.

आपल्याकडे या शाळांना सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला. 1887 साली ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला दृष्टिहीनांसाठी शाळा काढली. 1900 साली, छप्पनच्या दुष्काळाच्या दिवसांत, ॲना मिलार्ड यांनी मुंबईत तशीच शाळा सुरू केली. दादरची आजची कमला मेहता अंध मुलींची शाळा ती हीच. मतिमंद म्हणून घरात बसवलेल्या मुलांसाठी मुंबईतच 1944 साली जय वकील शाळा निघाली. ज्यांना कुणी अक्षर शिकवायला तयार नव्हतं, त्यांना या शाळांनी शिकवलं. त्यांना नावं ठेवायला आमची जीभ वळत नाही. पण या शाळा होत्या शहरात. खेड्यातल्या मुलाला तिथं जायचं तर घर सोडून वसतिगृहात राहायचं. आणि मुलगी असली तर? कोण पाठवणार होतं तिला एवढ्या लांब?

मग 1964 ते 66 या काळात कोठारी आयोग बसला. जमेल तितक्या अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवावं, असं त्यानं सांगितलं. 1974 साली केंद्र सरकारनं त्यासाठी योजना आणली. आपल्याकडे तिला अपंग एकात्म शिक्षण योजना म्हणायचे. पुस्तकं, गणवेश, जाण्यायेण्याचा खर्च, विशेष शिक्षक असं सगळं त्यात होतं. तरी एक गोम राहिली. मुलानं शाळेला जुळवून घ्यायचं, शाळा होती तशीच राहणार. पायऱ्या चढता आल्या तर ये, फळा दिसला तर शीक.

ही समजूत उलटी फिरली 1994 साली. स्पेनमधल्या सालामांका गावी 92 देशांची सरकारं जमली, त्यांत भारतही होता. बदलायचं ते शाळेनं, असं तिथं ठरलं. समावेशक शाळा म्हणतात ती हीच. पुढच्याच वर्षी आपल्याकडे अपंगांसाठी कायदा झाला आणि 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळालं. 2009 साली शिक्षणहक्क कायदा आला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्वच्छ लिहिलं आहे: 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकता येतं, किंवा हवं तर विशेष शाळेत. निवड त्या मुलाची. म्हणजे "शहरात न्या" असं सांगायचा अधिकार शाळेला नाहीच.

हे वाचलं त्या दिवशी आमची मैत्रीण मिटिंग संपेपर्यंत बसली.

शिक्षणहक्क कायद्यात आणखी एक गोष्ट आपल्या कामाची सापडली. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. आमच्या गावातही बायका होत्या समितीत, पण नुसत्या सहीपुरत्या! आम्ही गटातल्या दोघी पालक म्हणून समितीवर गेलो. मुलीचं नाव दाखल झालं. मग रॅम्पचं काम निघालं. गवंड्यानं घाईत असा खडा रॅम्प घातला, की वॉकर घेऊन चढताना पोर मागे घसरायची. मग कळलं की याचं माप ठरलेलं असतं. ओटा एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. तो फोडून पुन्हा घातला. पहिल्यांदाच विचारलं असतं तर सिमेंट वाचलं असतं, पण आम्हालाही कुठं ठाऊक होतं?

वर्गात मुलांनी फार त्रास दिला नाही. पहिले चार दिवस टक लावून पाहिलं, मग वॉकर कोण धरणार यावरून भांडू लागली. बाईंनी तिचा वर्ग वरच्या खोलीतून खाली आणला, त्याला एक पैसाही लागला नाही. विशेष शिक्षिका मात्र आठवड्यातून एकदाच येतात. दहा प्राथमिक मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली सांगितलं आहे, पण आमच्याकडे एकीच्या वाट्याला कितीतरी गावं.

शौचालयाचं दार अजून अरुंद आहे, वॉकर आत जात नाही. त्यासाठी तिची आई रोज दुपारी हातातलं काम टाकून शाळेत जाते. येत्या समितीच्या सभेसाठी पहिला विषय तोच लिहून दिला आहे, आणि या वेळी गवंड्याला माप आम्ही आधी देणार आहोत.